४१ टक्के बचत, पण कशाच्या?

प्रश्न थोडक्यात असा. वाशीतली सात मजली व्यापारी इमारत. मध्यवर्ती एसीचे प्रत्येकी १५० टीआरचे (टीआर म्हणजे टन, थंडाव्याचे माप) दोन वॉटर-कूल्ड चिलर, म्हणजे एसीसाठी पाणी थंड करणारी यंत्रे, २००८ सालची. चिलर, पंप, एएचयू (खोल्यांत गार हवा सोडणारी यंत्रे), लिफ्ट आणि जिने-पॅसेजचे दिवे सोसायटीच्या एचटी (उच्च दाबाच्या) मीटरवर. गाळ्यांचे मीटर वेगळे. एचटी मीटरवर वर्षाला साधारण ७ लाख २० हजार युनिट जातात. चिलर बदलणे, पंपांना व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे यंत्र) आणि एलईडी या कामासाठी तीन कोटेशन आली आहेत. बचतीचे आकडे १८, २७ आणि ४१ टक्के. कमिटीने कोणाचा आकडा धरावा, आणि काम झाल्यावर तेवढी बचत झाली की नाही हे कोणी, कसे ठरवावे?

आधी तिघांनाही एकच विचारा: टक्के कशाचे? ४१ टक्के फक्त चिलरच्या विजेचे असतील आणि चिलर वर्षाला ४ लाख युनिट खात असतील, तर ती बचत १ लाख ६४ हजार युनिटची. २७ टक्के पूर्ण एचटी वापराचे असतील, तर १ लाख ९४ हजार. म्हणजे २७ हा आकडा ४१ पेक्षा मोठा. तिघांनी एकाच छेदावर, युनिटमध्ये, यंत्रागणिक आकडे देईपर्यंत तुलना करूच नका. रुपयांतही नको. रुपयांत मांडताना बहुतेक जण एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून निघालेला सरासरी दर लावतात, आणि त्या दरात डिमांड चार्ज (युनिटांवर नव्हे, कमाल मागणीवर लागणारा आकार) मिसळलेला असतो. युनिट कमी झाले म्हणून डिमांड चार्ज त्याच प्रमाणात उतरत नाही. त्याला काँट्रॅक्ट डिमांडच्या (महावितरणशी ठरलेल्या कमाल मागणीच्या) हिशेबाने खालची मर्यादा असते, आणि काँट्रॅक्ट डिमांड कमी करून घ्यायला महावितरणकडे वेगळा अर्ज करावा लागतो. वाचलेल्या युनिटला फक्त ऊर्जा आकार, वहन आकार आणि त्यावरची शुल्के एवढाच दर लावायचा.

आता मूळ अडचण. वापरलेली वीज मीटरवर दिसते, वाचलेली दिसत नाही. बचत म्हणजे जुनीच यंत्रे असती तर यंदाच्या हवामानात आणि यंदाच्या वापराला जेवढी वीज लागली असती, त्यातून प्रत्यक्ष लागलेली वजा. सगळे भांडण त्या ‘असती’मध्ये आहे. ती कशी काढायची हे काम सुरू होण्याआधी लिहून ठेवले नाही, तर वर्षाने ठेकेदार म्हणतो ‘यंदा ऊन जास्त होतं’ आणि कमिटी म्हणते ‘बिल तर तेवढंच आहे’. दोघेही आपापल्या परीने बरोबर.

यासाठी काही नवे शोधायची गरज नाही. आयपीएमव्हीपी हा मोजमाप-पडताळणीचा आंतरराष्ट्रीय शिरस्ता आहे. मापनाच्या अनिश्चिततेचे गणित अॅश्रे या एसी-अभियंत्यांच्या संघटनेच्या गाइडलाइन १४ मध्ये आहे. अमेरिकेत एन्व्हायर्न्मेंटल डिफेन्स फंडाने सुरू केलेल्या इन्व्हेस्टर कॉन्फिडन्स प्रोजेक्टने अशा कामाचे पाच टप्पे पाडले: बेसलाइन (कामाआधीचा वापर), बचतीचा हिशेब, डिझाइन आणि बसवणुकीची तपासणी, चालवणे-देखभाल, आणि मोजमाप-पडताळणी. प्रत्येक टप्प्याला ठरलेली कागदपत्रे, म्हणजे पैसे लावणाऱ्याला प्रत्येक प्रकल्प नव्याने समजून घ्यावा लागत नाही. तुमच्यासाठी अर्थ एवढाच की, तिन्ही ठेकेदारांना हिशेबाचा एकच साचा द्या आणि तो साचा ठेकेदाराने नव्हे, कमिटीने नेमलेल्या, बीईईने (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता संस्थेने) प्रमाणित केलेल्या ऊर्जा लेखापरीक्षकाने बनवावा. यंत्र विकणाऱ्यानेच बचत मोजायची, हे काट्यावर दुकानदाराचा अंगठा ठेवण्यासारखे आहे.

बेसलाइनसाठी सलग १२ महिने लागतात. एप्रिल ते मार्चच हवे असे नाही, पण मध्ये भोक नको. मार्च २०२० ते २०२१ अखेरचा काळ तर अजिबात धरू नका. इमारत अर्धी रिकामी होती. बिल महिन्याचे असले तरी रीडिंगच्या तारखा पाहा. एक बिल २८ दिवसांचे आणि पुढचे ३३ दिवसांचे असेल, तर दोन्हींची तुलना दिवसाच्या सरासरीवरच व्हायला हवी. वीज गेल्यावर चिलर डीजीवर (डिझेल जनरेटरवर) चालत असेल, तर ते युनिट बिलात नाहीत. डीजीच्या मीटरवरून घेऊन मिळवावे लागतील. गच्चीवर सोलर असेल किंवा याच काळात बसणार असेल, तर त्याचे उत्पादनही बिलातल्या युनिटमध्ये परत मिळवा. नाहीतर सोलरची बचत चिलरवाल्याच्या खात्यात जाते, आणि हे सर्रास होते. एचटीचे बिल केव्हीएएचवर, म्हणजे काम करणाऱ्या विजेवर नव्हे तर ओढलेल्या एकूण विजेवर, येते, त्यामुळे नुसते कपॅसिटर नीट केले तरी बिल उतरते. ते काम चांगलेच आहे, पण ती ऊर्जाबचत नव्हे. हिशेब केडब्ल्यूएचमध्येच (काम करणाऱ्या विजेच्या युनिटमध्ये) ठेवा आणि पॉवर फॅक्टर (या दोन्हींचे गुणोत्तर) वेगळ्या ओळीत दाखवा.

शिवाय त्या वर्षातला वापर नोंदवा: कोणता गाळा कधी रिकामा होता, चिलर किती ते किती चालले, शनिवारी अर्धा दिवस की पूर्ण, एएचयूच्या थंड कॉइलवरून आलेल्या हवेचे आणि खोलीचे तापमान किती. हे शेवटचे बहुतेक जण विसरतात. बेसलाइनच्या वेळी खोल्या २३ अंशांवर होत्या आणि नंतर कोणी त्या २५ वर नेल्या, तर बीईईच्याच ठोकताळ्याप्रमाणे अंशामागे सुमारे ६ टक्के एसीची वीज वाचते. त्यात चिलरचे कर्तृत्व शून्य. तापमानाबरोबर आर्द्रताही करारात लिहा, उदाहरणार्थ २४ अंश आणि जास्तीत जास्त ६० टक्के.

हवामानाचा भाग आपल्याकडे वेगळा आहे आणि बाहेरचे तयार तक्ते इथेच फसतात. थंड देशांत महिन्याच्या सरासरी तापमानाशी विजेचा वापर सरळ रेषेत जुळतो. मुंबई पट्ट्यात सरासरी तापमान जानेवारीत सुमारे २४-२५ आणि मेमध्ये ३० च्या आसपास. सगळा खेळ पाच-सहा अंशांत. शिवाय मार्च आणि ऑगस्टचे सरासरी तापमान जवळपास सारखे, पण ऑगस्टच्या हवेत वाफ कितीतरी जास्त. चिलरला ती वाफही काढावी लागते. नुसत्या कोरड्या तापमानावरून, म्हणजे साध्या थर्मामीटरवरून, वापर काढणारे समीकरण पावसाळ्यात कमी वीज भाकीत करते आणि हिवाळा-उन्हाळ्यात जास्त. म्हणून ओल्या पाऱ्याचे तापमान (ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरचे, ज्यात आर्द्रताही येते) किंवा दवबिंदू घ्या, त्यासोबत कामाचे दिवस. बाहेरचे हवामान कोणत्या केंद्राचे धरायचे, सांताक्रूझच्या वेधशाळेचे की गच्चीवरच्या स्वतःच्या लॉगरचे, हे एकदा ठरवून लिहा आणि मग बदलू नका. गच्चीवर सेन्सर लावलाच तर सावलीच्या जाळीदार पेटीत, कूलिंग टॉवरच्या वाफेपासून आणि पत्र्याच्या शेडपासून लांब.

समीकरण बरे की वाईट हे ठरवताना सगळे ‘आर-स्क्वेअर’ (वापरातल्या चढउताराचा किती भाग समीकरण समजावते) विचारतात, ०.७५ च्या वर हवा, हा नेहमीचा निकष. आपल्या हवेत तो एकटा फसवतो. वापर वर्षभर फारसा हलतच नसेल, तर समीकरण नीट असूनही आर-स्क्वेअर ०.५ येऊ शकतो, कारण समजावून सांगायला चढउतारच नाहीत. त्यापेक्षा सीव्ही-आरएमएसई पाहा, म्हणजे समीकरणाची चूक सरासरी वापराच्या किती टक्के आहे. २० टक्क्यांच्या आत हवीच, चांगल्या कामात १० च्या आत येते. तुमचा महिना सरासरी ६० हजार युनिटचा. सीव्ही-आरएमएसई ८ टक्के असेल तर महिन्याची चूक ४,८०० युनिट. बारा महिन्यांची एकत्र चूक बारापट होत नाही, बाराच्या वर्गमुळाइतकी पट होते: सुमारे १६,६००. बचत या चुकीच्या किमान दुप्पट असल्याशिवाय तिला बचत म्हणायचे नाही, म्हणजे ३३ हजार युनिट किंवा साडेचार टक्क्यांच्या वर. नुसते एलईडी लावून ४ टक्के मिळणार असतील, तर ते एचटी मीटरवर कधीच सिद्ध होणार नाहीत. खोटे आहेत म्हणून नव्हे; गोंगाटात बुडतात म्हणून.

त्यावरूनच पडताळणीचा मार्ग ठरतो. आयपीएमव्हीपीत चार पर्याय आहेत. ए मध्ये एक मुख्य राशी मोजायची आणि बाकीची गृहीत धरायची, बी मध्ये त्या यंत्राचे सगळे मोजायचे, सी मध्ये पूर्ण मीटर, डी मध्ये संगणकीय प्रतिकृती. तुमच्या इमारतीला डी नको. खर्चिक आहे आणि कमिटीतल्या कोणालाही तपासता येणार नाही. दिव्यांना ए, चिलर प्लांटला बी, आणि वर छत्रीसारखा सी. बी आणि सी यांचे आकडे जुळले नाहीत, तर कुठेतरी काहीतरी निसटले आहे.

दिव्यांत वॉट मोजणे सोपे, तास अवघड. ‘रोज १२ तास’ असे लिहून देतात आणि जिन्यातले दिवे प्रत्यक्षात १८ तास चालतात किंवा उलट. तासांसाठी नमुना घ्या. तासांतला फरक सरासरीच्या निम्मा धरला आणि ९० टक्के खात्रीने १० टक्क्यांच्या आत राहायचे असेल, तर ६८ दिवे लागतात. एकूण दिवे २०० च असतील तर ५१ पुरतात. एवढे लॉगर कोणाकडे नसतात. दोन-दोन आठवडे फिरवत लावले तरी चालतात, फक्त जागा चिठ्ठ्या टाकून निवडा, सोयीच्या नकोत.

खरा मुद्दा चिलरचा. प्रस्तावात लिहिलेले असते ‘जुना ०.९५ किलोवॉट प्रति टीआर, नवा ०.५५’. जुन्याचा आकडा बहुधा अंदाजाने आणि नव्याचा कॅटलॉगमधल्या आयपीएलव्हीचा (ठरावीक परिस्थितीत वेगवेगळ्या लोडला काढलेल्या सरासरीचा). ही तुलनाच नव्हे. आयपीएलव्ही काढताना अर्ध्या लोडला कंडेन्सरचे पाणी १८.३ अंश धरतात. नवी मुंबईत पावसाळ्यात ओल्या पाऱ्याचेच तापमान २५-२६ असते. कूलिंग टॉवर त्याच्या खाली पाणी थंड करूच शकत नाही, वर तीन-चार अंश सोडतोच. म्हणजे तो कॅटलॉगचा आकडा वाशीत बहुतेक दिवस येणारच नाही. भारतीय हवामानासाठी आयएसईईआर हा हंगामी कार्यक्षमतेचा आकडा आहे, तो मागा. त्याहूनही उत्तम म्हणजे कंडेन्सरच्या पाण्याच्या २६, २८, ३० आणि ३२ अंशांना ४०, ६०, ८०, १०० टक्के लोडचा तक्ता निर्मात्याकडून सहीनिशी घ्या आणि करारातल्या हमीला तोच जोडा.

जुन्या चिलरची मोजणी अशी. थंड पाण्याचा प्रवाह ताशी घनमीटरमध्ये, गुणिले जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक, भागिले ३.०२४, म्हणजे टीआर. ८० घनमीटर आणि ४ अंश असतील तर १०६ टीआर. कॉम्प्रेसर त्या वेळी ९५ किलोवॉट घेत असेल, तर ०.९०. साधे दिसते, पण फरक मोजताना अर्ध्या अंशाची चूक झाली तर उत्तर साडेबारा टक्क्यांनी हलते, आणि पाइपवर बाहेरून चिकटवलेला थर्मामीटर अर्ध्या अंशाने सहज चुकतो. थर्मोवेलमध्ये (पाइपच्या आत शिरणाऱ्या नळीत) बसणारे जोडीने कॅलिब्रेट केलेले पीटी-१०० तापमान-सेन्सर घ्या. प्रवाहासाठी क्लॅम्प-ऑन अल्ट्रासॉनिक मीटर चालतो, पण १५० मिमी पाइपला मागे दीड मीटर आणि पुढे पाऊण मीटर सरळ लांबी हवी. प्लांट रूममध्ये अशी जागा शोधावी लागते. एल्बोला (पाइपच्या वळणाला) चिकटून लावला की आकडा येतो, खरा नसतो. इन्सुलेशन काढून, रंग आणि गंज खरवडून, पाइपची जाडी प्रत्यक्ष मोजून मीटरमध्ये भरा. जुन्या पाइपची जाडी पुस्तकातली राहिलेली नसते.

ही मोजणी खरी की खोटी याची एक चाचणी आहे आणि ती न मागणाऱ्या कमिटीला कोणीही फसवू शकतो: उष्णतेचा ताळा. थंड पाण्यातून काढलेली उष्णता अधिक कॉम्प्रेसरची वीज ही कंडेन्सरच्या पाण्यात गेलीच पाहिजे. वरच्या उदाहरणात १०६ टीआर म्हणजे ३७२ किलोवॉट, अधिक ९५, म्हणजे ४६७ किलोवॉट. कंडेन्सरच्या बाजूने वेगळे मोजून उत्तर ५ टक्क्यांच्या आत जुळले नाही, तर ती नोंद फेकून द्या. मोजणी एका दुपारची नको, किमान दोन आठवड्यांची, १५ मिनिटांच्या नोंदींसह, म्हणजे वेगवेगळ्या लोडचे बिंदू मिळतात.

विजेच्या सबमीटरमध्येही ठरलेला एक घोळ आहे. तीनपैकी एक सीटी (मीटरसाठी प्रवाह मोजणारा ट्रान्सफॉर्मर) उलटा बसला की मीटर खऱ्या वापराच्या एक-तृतीयांशच दाखवतो. बेसलाइनला नीट बसलेला आणि नंतर पॅनेल बदलताना उलटा झालेला सीटी म्हणजे घरबसल्या ६७ टक्के ‘बचत’. सीटी फार मोठ्या रेशोचाही नको. ४० अँपिअरच्या पंपावर ४००/५ चा सीटी बसवला तर तळाशी मापन ढिसाळ होते. क्लॅम्प मीटरने तिन्ही फेज ताडून, फोटोसह नोंद ठेवा.

पुढे बेरजेची चूक. कोटेशनमध्ये एसीचा लोड १० टक्क्यांनी उतरवणारी कामे आणि ३० टक्के चांगला चिलर यांची बेरीज ४० टक्के केलेली असते. ४ लाख युनिटांतून १० टक्के गेले की ३ लाख ६० हजार उरले, त्यातून ३० टक्के, म्हणजे २ लाख ५२ हजार. बचत १ लाख ४८ हजार, १ लाख ६० हजार नव्हे. कामांचा क्रम ठरवून प्रत्येक कामाची बचत आधीच्या कामानंतर उरलेल्या वापरावर काढायला सांगा. लोड आधी कमी करा, चिलर मग निवडा; कदाचित १५० ऐवजी १२५ टीआरचा पुरेल, आणि तिथे यंत्राच्या किमतीतच पैसे वाचतात.

व्हीएफडीबद्दल थोडे कडक बोलावे लागेल. ‘वेग ८० टक्के केला की वीज निम्मी’ हे घर्षणाविरुद्ध पाणी फिरवणाऱ्या बंद सर्किटला लागू आहे, ०.८ चा घन ०.५१ येतो. तळटाकीतून गच्चीच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाला ते लागू नाही, कारण तिथे बहुतेक दाब उंचीचा आहे. वेग थोडा उतरवला की पाणी चढेनासे होते आणि पंप जास्त वेळ चालतो. तरी सात मजली इमारतीला हे विकले जाते. थंड पाण्याच्या पंपालाही व्हीएफडीचा उपयोग एएचयूवर टू-वे (लोड कमी झाला की पाणी रोखणारे) व्हॉल्व्ह असतील तरच. जुन्या इमारतींत थ्री-वे असतात. ते लोड कमी झाला तरी पाणी बायपास करतात, प्रवाह तेवढाच राहतो आणि व्हीएफडी दिवसभर ५० हर्ट्झवर, म्हणजे पूर्ण वेगावर, शोभेला. कोटेशनमध्ये व्हॉल्व्ह नसतील तर पंपाच्या बचतीवर काट मारा.

बसवून झाल्यावर लगेच बिलाकडे धावू नका. आधी यंत्रे ठरवल्याप्रमाणे वागतात का ते तपासा. व्हीएफडी ऑटोवर आहे का. पहिल्या ‘गार होत नाही’ तक्रारीला ऑपरेटर तो मॅन्युअलवर टाकतो आणि तो तिथेच राहतो. दुसरा चिलर किती लोडला चालू होतो? व्हॉल्व्ह बंदची आज्ञा दिल्यावर खरेच बंद होतात का? थंड पाण्याचे तापमान कोणी ७ वरून १० वर नेले आहे का? नेले तर चिलर सुंदर आकडे दाखवतो, पण जुलैत हवेतली वाफ निघत नाही, फॉल्स सीलिंगवर बुरशी धरते आणि गाळेधारक स्वतःचे स्प्लिट एसी लावतात. ते त्यांच्या मीटरवर चालतात, तुमचे युनिट आणखी उतरतात, आणि कागदावर प्रकल्प यशस्वी. दोन आठवड्यांच्या ट्रेंड नोंदी पाहिल्याशिवाय या टप्प्याचे पैसे सोडू नका. कंडेन्सरच्या नळ्यांवर क्षार चढणे हा इथला कायमचा रोग, टँकर किंवा बोअरचे पाणी वापरत असाल तर जास्तच. नळ्यांतून बाहेर पडणारे पाणी आणि रेफ्रिजरंटचे कंडेन्सिंग तापमान यांतला फरक दर महिन्याला नोंदवा. तो वाढू लागला की हमी कितीही असो, बचत गळते आहे.

वर्षभरात इमारत बदलते, म्हणून दुरुस्त्यांचे नियम आधीच लिहा: बँकेने दोन गाळे सोडले, कोणी रात्रपाळीचे ऑफिस सुरू केले, एखाद्याने सर्व्हर रूम काढली. कोणता बदल धरायचा (समजा ५ टक्क्यांहून जास्त क्षेत्र किंवा ठरावीक टीआर), कोणी किती दिवसांत कळवायचा आणि परिणाम पर्याय बीच्या सबमीटरवरून कसा काढायचा. नियामक आयोग वीजदर बदलत राहतो, म्हणून हमी युनिटमध्ये, रुपयांत नाही. हे सगळे दोन-तीन पानांचे परिशिष्ट करून सर्वसाधारण सभेच्या ठरावाला जोडा. मोजणी चालू असताना कमिटी बदलते, आणि नव्या सेक्रेटरींना एक्सेल फाइल कुठल्या लॅपटॉपवर होती हे कोणी सांगत नाही.

पैशांचे टप्पे माझ्या मते असे असावेत: माल आणि बसवणुकीपर्यंत ७० टक्के, वरच्या तपासणीनंतर १५, आणि १२ महिन्यांच्या पडताळणीनंतर १५. शेवटचा टप्पा हमीच्या प्रमाणात: ९० टक्के बचत आली तर ९० टक्के पैसे. ठेकेदार याला तयार नसेल, तर त्याचा ४१ चा आकडा किती खाली येतो ते विचारून बघा.

शेवटी वेळापत्रक, उलट बाजूने. चिलर बदलायला डिसेंबर-जानेवारी सोयीचे, लोड कमी असतो आणि एका चिलरवर निभते. त्यासाठी ऑर्डर ऑगस्टपर्यंत जायला हवी, म्हणजे टेंडर जूनमध्ये. बिलांचे मागचे १२ महिने तुमच्याकडे आहेतच, आणि एचटी मीटरच्या लोड सर्व्हेच्या नोंदी महावितरणकडून मागवता येतात. नसतील ते चिलर आणि पंपांचे सबमीटर. ते फेब्रुवारीत बसले तर उन्हाळा, पावसाळा आणि ऑक्टोबरचा उकाडा तिन्ही जुन्या यंत्रांवर नोंदले जातात. तिन्ही कोटेशन बाजूला ठेवून आधी सबमीटरची ऑर्डर द्या.